नशेचा निषेध आणि घराची जबाबदारी

दारू हराम आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही सांगते. मकतबमध्ये ते शिकविले जाते, जुम्याच्या खुत्ब्यात ऐकविले जाते आणि बहुतेक मुस्लिम घरांचा उंबरठा दारूची बाटली ओलांडत नाही. ही अल्लाहची मोठी कृपा आहे आणि तिची कदर केली पाहिजे. परंतु याच समाधानामुळे अनेक आईवडील एका धोक्याविषयी गाफील राहिले आहेत. बाटली घरात आली नाही म्हणजे नशा घरात आली नाही, असे ते समजून चालतात. इकडे मुलाच्या खिशात गोळ्यांची पट्टी असते, दप्तरात खोकल्याच्या औषधाची बाटली असते, रुमालाला पंक्चर काढण्याच्या सोल्युशनचा वास येत असतो. घरच्यांना कळते तेव्हा वर्ष-दोन वर्षे लोटलेली असतात. त्यानंतर जे घडते ते बहुधा दोनपैकी एक असते. एक तर मारझोड करून मुलाला घराबाहेर काढले जाते, नाही तर 'लोक काय म्हणतील' या भीतीने सारे झाकून ठेवले जाते. दोन्ही मार्गांनी तो मुलगा नशेच्या हाती अधिकच सापडतो.

म्हणून प्रस्तुत लेखात दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. इस्लामने नशेचा निषेध कोणत्या तत्त्वावर केला, ही पहिली, आणि नशेत सापडलेल्या माणसाशी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कसे वर्तन केले, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याला बऱ्याच अंशी ठाऊक आहे. दुसरीचा मात्र आपल्याला विसर पडला आहे, आणि त्याची किंमत आपली मुले मोजीत आहेत.

निषेध कसा आला?

इस्लामपूर्व अरबस्तानात मद्यपान हा समाजजीवनाचा भाग होता. मेजवानीत मद्य होते, काव्यात मद्य होते, व्यापारातही मद्य होते. अशा समाजाला त्यापासून सोडविण्यासाठी पवित्र कुरआनने जो मार्ग अवलंबिला तो प्रत्येक आईवडिलांनी अभ्यासावा असा आहे.

मक्केत अवतरलेल्या सूरह अन्‌नहलमध्ये (आयत ६७) खजूर व द्राक्षे यांपासून लोक मादक पेय बनवितात आणि उत्तम अन्नही मिळवितात, असा उल्लेख आला. मादक पेयाला 'उत्तम' या विशेषणापासून दूर ठेवले गेले. विचारी मनाला एवढा इशारा पुरेसा होता. मदीनेत लोकांनी मद्य आणि जुगार यांविषयी विचारणा केली तेव्हा सूरह अल्‌बकरहमध्ये (आयत २१९) सांगण्यात आले की, या दोहोंत मोठे पाप आहे, लोकांसाठी काही लाभही आहेत, परंतु पाप लाभाहून मोठे आहे. तिसऱ्या टप्प्यात सूरह अन्‌निसामध्ये (आयत ४३) आज्ञा झाली की, आपण काय बोलतो हे कळेपर्यंत नशेच्या अवस्थेत नमाजच्या जवळ जाऊ नये. जुहरपासून इशापर्यंतच्या नमाजांमधील अंतर थोडे असते. त्यामुळे दिवसाचा मोठा भाग मद्यापासून आपोआप मुक्त झाला आणि शरीराची सवय हळूहळू सैल होत गेली.

शेवटी सूरह अल्‌माइदाच्या ९० व ९१ क्रमांकाच्या आयती अवतरल्या. त्यांत मद्य व जुगार यांना मूर्तींची ठाणी आणि शकुनाचे बाण यांच्या पंक्तीत बसवून सैतानाच्या कामातील घाण ठरविले गेले आणि त्यांपासून दूर राहण्याची आज्ञा झाली. कारणही सांगितले गेले. सैतान या मार्गाने तुमच्यात वैर व द्वेष पेरू इच्छितो आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखू इच्छितो. आयतीचा शेवट प्रश्नाने झाला की, आता तरी तुम्ही थांबणार काय? मद्याविषयी स्पष्ट आदेश यावा म्हणून प्रार्थना करणारे हजरत उमर (रजि.) हे ऐकताच, आम्ही थांबलो, असे म्हणाले.

त्या दिवसाचे वर्णन हजरत अनस (रजि.) यांनी केले आहे. ते तेव्हा तरुण होते आणि हजरत अबू तलहा (रजि.) यांच्या घरी पाहुण्यांना खजुरांचे मद्य वाढीत होते. बाहेर दवंडी ऐकू आली. मद्य हराम झाल्याचे कळताच अबू तलहा (रजि.) यांनी त्यांना सारे मद्य ओतून देण्यास सांगितले. मदीनेच्या गल्ल्यांतून मद्य वाहू लागले. कोणी वाद घातला नाही, कोणी उरलेले संपविण्याची मुदत मागितली नाही.

हे एका दिवसात घडले नव्हते. हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, आरंभी स्वर्ग आणि नरक यांविषयीच्या आयती अवतरल्या, लोकांची मने इस्लामकडे वळल्यावर मग हलाल-हरामचे आदेश आले. पहिलाच आदेश मद्य पिऊ नका असा असता तर लोकांनी, आम्ही ते कधीच सोडणार नाही, असे उत्तर दिले असते. वाचकहो, या कथनात आपल्यासाठी मोठा धडा आहे. आपण मुलाला 'हराम' हा शब्द लवकर शिकवितो. अल्लाहचे प्रेम, त्याच्यापुढे उत्तर देण्याची जाणीव आणि नमाजची गोडी शिकविण्यास मात्र वेळ देत नाही. मन तयार नसेल तर मनाई ओझे होते, आणि एकांत मिळताच ते ओझे उतरविले जाते.

नाव बदलले तरी वस्तू तीच

काही तरुण म्हणतात की, कुरआनमध्ये दारूचा निषेध आहे, गोळीचा किंवा गांजाचा नाही. हा युक्तिवाद नवा नाही आणि त्याचे उत्तरही जुनेच आहे. हजरत उमर (रजि.) यांनी प्रेषितांच्या (स.) मिंबरवरून लोकांना समजावून सांगितले होते की, त्या काळी मद्य द्राक्षे, खजूर, मध, गहू आणि जव या पाच वस्तूंपासून बनत असे, आणि 'खम्र' म्हणजे जी वस्तू बुद्धीला झाकते ती. 'खम्र' या शब्दाच्या मुळातच झाकण्याचा अर्थ आहे. सहीह मुस्लिममधील हदीसनुसार प्रत्येक मादक वस्तू खम्र आहे आणि प्रत्येक खम्र हराम आहे. तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत असेही आले आहे की, ज्या वस्तूचे अधिक प्रमाण नशा आणते तिचे थोडे प्रमाणही हराम आहे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनानुसार प्रेषितांनी (स.) नशा आणणाऱ्या वस्तूंबरोबरच शरीर व मन सुस्त करणाऱ्या वस्तूंनाही मनाई केली. हिजरी सातव्या शतकात हशीशचा प्रसार झाला तेव्हा इमाम इब्ने तैमिया यांनी याच आधारावर तिच्या निषेधाचा निर्णय दिला.

लोक मद्य पितील आणि त्याला दुसरे नाव देतील, अशी पूर्वसूचनाही प्रेषितांनी (स.) देऊन ठेवली आहे. आज ती आपल्या डोळ्यांपुढे आहे. मेफेड्रोनला 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ' म्हणतात. मालेगावात अल्प्राझोलमच्या गोळीला 'कुत्ता गोळी' हे नाव पडले. छत्रपती संभाजीनगरात झोपेच्या गोळ्या 'बटन' या नावाने विकल्या जातात. नावे खेळण्यांसारखी आहेत. त्यामुळे ऐकणाऱ्या आईच्या मनात शंकाही येत नाही.

येथे एक स्पष्टीकरण आवश्यक आहे. यांतील काही पदार्थ मुळात औषधे आहेत. डॉक्टरांनी आजारासाठी, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी घेणे किंवा शस्त्रक्रियेपूर्वी भूल घेणे याला विद्वानांनी गरजेच्या मर्यादेत अनुमती दिली आहे. तीच गोळी चिठ्ठीशिवाय, धुंदीसाठी, दहा-दहा एकदम घेतली तर ती नशाच होय. मानसिक आजाराची औषधे नियमाने घेणाऱ्या बंधुभगिनींना कोणी नशेबाज म्हणू नये आणि त्यांनीही अपराधी भावनेने औषध बंद करू नये.

आजचे चित्र

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या व्यसन उपचार केंद्रामार्फत केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. १० ते ७५ वर्षे वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक मद्य पितात आणि त्यांपैकी जवळजवळ ५.७ कोटी लोकांना उपचाराची किंवा मदतीची गरज आहे, असे त्यात आढळले. भांग, गांजा व चरस यांचे सेवन करणारे ३ कोटींहून अधिक, तर अफू, हेरॉईन आणि अफूजन्य औषधे घेणारे सुमारे २.२६ कोटी आहेत. झोपेच्या व गुंगीच्या गोळ्यांचा वापर करणाऱ्यांची संख्याही १ कोटीच्या वर आहे.

या अहवालातील दोन निष्कर्ष प्रत्येक घराने लक्षात ठेवावेत. पहिला असा की, सोल्युशन, व्हाइटनर, थिनर यांसारखे पदार्थ हुंगण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांमध्ये अधिक आहे. इतर कोणत्याही नशेच्या बाबतीत असे नाही. हुंगण्याच्या सवयीमुळे मदतीची गरज असलेल्या मुलांची संख्या ज्या राज्यांत मोठी आहे त्यांत महाराष्ट्राचा समावेश आहे. दुसरा निष्कर्ष उपचाराविषयी आहे. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला आणि अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी केवळ एकाला कोणत्या तरी स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेले सारे आपापल्या घरात, आपल्या माणसांच्या नजरेसमोर बुडत असतात.

'आपल्या समाजात हे नाही' असे म्हणण्यात अर्थ नाही. दारूच्या वासाने माणूस पकडला जातो. गोळीला वास नसतो, ती स्वस्त असते आणि मुठीत मावते. ज्या घरात दारूला सक्त मनाई आहे त्या घरातील मुलाला म्हणूनच गोळीचा मार्ग सोयीचा वाटतो. त्यात यंत्रमागाच्या किंवा कारखान्याच्या रात्रपाळीचा थकवा, शाळा सुटल्यानंतरची बेकारी, मित्रांचा आग्रह आणि घरातील रोजची भांडणे यांची भर पडते. गुटखा व तंबाखू हे अनेकांचे पहिले पाऊल असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असूनही तो मुलांच्या हाती लागतो.

थकव्याची सबब प्रेषितांपुढेही (स.) मांडली गेली होती. दैलम हिम्यरी (रजि.) यांनी सांगितले की, आमचा प्रदेश थंड आहे, आम्हाला कष्टाची कामे करावी लागतात, म्हणून बळ यावे यासाठी आम्ही गव्हापासून एक पेय बनवितो. प्रेषितांनी (स.) त्यांना एकच प्रश्न विचारला की, त्याने नशा येते काय? होय असे उत्तर आल्यावर त्यापासून दूर राहण्याची आज्ञा झाली. तारिक बिन सुवैद (रजि.) यांनी औषध म्हणून मद्य बनविण्याची परवानगी मागितली तेव्हा, ते औषध नाही, रोग आहे, असे त्यांना सांगण्यात आले.

शरीर आणि मन यांवर काय परिणाम होतो?

नशेचा पदार्थ मेंदूतील आनंदाच्या व्यवस्थेवर ताबा मिळवितो. पहिल्या दिवशी एका गोळीने जो परिणाम होतो त्यासाठी काही आठवड्यांनी चार गोळ्या लागतात. पुढे आनंद संपतो आणि केवळ त्रास टाळण्यासाठी ती वस्तू घ्यावी लागते. या टप्प्यावर 'मनात आणले तर सोडशील' हे वाक्य निरुपयोगी ठरते. निर्णय घेणारी बुद्धीच आजारी पडलेली असते. मेंदूची वाढ साधारणपणे पंचविशीपर्यंत चालू राहते. म्हणून किशोरवयात लागलेली सवय अधिक खोल रुजते.

प्रत्येक पदार्थाचा घात वेगळा आहे. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध व हेरॉईन हे अफूच्या कुळातील असून अतिमात्रेत ते श्वास बंद पाडतात. गुंगीची गोळी आणि दारू एकत्र घेतल्यासही हाच धोका असतो. सोल्युशन हुंगल्याने हृदयाची लय अचानक बिघडून पहिल्याच वेळी मृत्यू येऊ शकतो. मेफेड्रोनने झोप उडते, जबडा आवळला जातो, मनात संशय भरतो. किशोरवयातील गांजाच्या सवयीने गंभीर मनोविकाराचा धोका वाढतो. दारूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. दारूचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. हातभट्टीच्या दारूत मिथेनॉल मिसळले गेले तर काय होते, हे जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीने पाहिले. तेथे शंभराहून अधिक माणसे दगावली.

इस्लामी विद्वानांनी शरीअतचे पाच मूळ हेतू सांगितले आहेत: धर्म, प्राण, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. नशा प्रथम बुद्धीवर घाला घालते आणि पहारेकरी पडल्यावर उरलेले चारही लुटले जातात. नमाज सुटते, शरीर खंगते, पत्नी व मुलांची आबाळ होते, आईच्या कानांतील दागिना गहाण पडतो. सूरह अल्‌माइदाने ज्या वैर व द्वेषाचा उल्लेख केला त्याचा अर्थ अशा घरातील प्रत्येक माणूस जाणतो.

शाप नको

आता त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळू या. सहीह बुखारीमध्ये अब्दुल्लाह नावाच्या एका माणसाची हकीकत आहे. लोक त्याला 'हिमार' म्हणत. तो प्रेषितांना (स.) हसवीत असे. मद्यपानासाठी त्याला शिक्षाही झाली होती. एके दिवशी त्याला पुन्हा त्याच अपराधासाठी आणले गेले तेव्हा एकजण चिडून त्याला शाप देऊ लागला की, हा किती वेळा याच कारणासाठी आणला जातो! प्रेषितांनी (स.) त्याला थांबविले आणि सांगितले की, याला शाप देऊ नका, हा अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी कथन केलेल्या अशाच एका प्रसंगी कोणी तरी, अल्लाह तुला अपमानित करो, असे उद्गार काढले, त्यावर प्रेषितांनी (स.) बजावले की, त्याच्याविरुद्ध सैतानाला मदत करू नका.

या दोन हदीसींचा पुरेसा विचार करा. अपराधाला अपराध म्हटले गेले, शिक्षाही झाली. तरीही त्या माणसाला समाजाबाहेर फेकले गेले नाही. वारंवार चुकणाऱ्या माणसाच्या अंतःकरणातही अल्लाहचे प्रेम असू शकते, याची साक्ष खुद्द प्रेषितांनी (स.) दिली. आपण मात्र भर चौकात 'चरसी', 'गर्दुल्ला' अशा नावांनी हाक मारतो. हाक मारणाऱ्याला वाटते की आपण पापाचा धिक्कार केला. त्या मुलाला मात्र एवढेच कळते की, या वस्तीत आपल्याला जागा नाही, जागा आहे ती त्या अड्ड्यावर.

हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी इमाम इब्ने कसीर यांनी सूरह गाफिरच्या तिसऱ्या आयतीच्या विवेचनात एक प्रसंग नोंदविला आहे. शामचा एक शूर माणूस त्यांच्याकडे येत असे. तो बरेच दिवस दिसला नाही म्हणून चौकशी केली तेव्हा तो दारूच्या आहारी गेल्याचे समजले. हजरत उमर (रजि.) यांनी त्याला पत्र लिहिले. त्यात धमकी नव्हती. अल्लाह पापांची क्षमा करणारा, तौबा स्वीकारणारा आणि कठोर शिक्षा देणारा आहे, या आशयाची ती आयत होती. मग त्यांनी उपस्थितांसह त्याच्यासाठी दुआ केली. पत्र पुनःपुन्हा वाचून तो माणूस रडू लागला आणि त्याने दारू सोडली. हे कळल्यावर हजरत उमर (रजि.) यांनी सोबत्यांना उपदेश केला की, आपला भाऊ घसरलेला दिसला तर त्याला सावरा, त्याच्यासाठी दुआ करा आणि त्याच्याविरुद्ध सैतानाचे साथीदार होऊ नका. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार पाहणाऱ्या खलीफाला एका माणसाची गैरहजेरी जाणवली. आपल्या मशिदीच्या सफमधून दिसेनासा झालेला तरुण आपल्याला जाणवतो काय?

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मद्यपीची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, ही हदीस सांगून काही लोक अशा मुलाला मशिदीतून परत पाठवितात. विद्वानांनी खुलासा केला आहे की, अशा माणसाला नमाजचे पुण्य लाभत नाही. परंतु नमाज अदा करण्याचे कर्तव्य त्याच्यावर कायम राहते. त्याच हदीसमध्ये पुढे, त्याने तौबा केली तर अल्लाह ती स्वीकारतो, असे आहे. शुद्धीवर असलेल्या माणसाला नमाजपासून रोखणे हे तर सैतानाचेच काम पूर्ण करणे झाले.

घराने काय करावे?

सर्वप्रथम लक्ष ठेवावे. झोपेच्या वेळा बदलणे, पैसे किंवा वस्तू नाहीशा होणे, जुने मित्र सुटून नवे अनोळखी मित्र जमणे, अभ्यास किंवा काम अचानक ढासळणे, डोळे लाल होणे अथवा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होणे, बोलताना जीभ जड होणे, न्हाणीघरात फार वेळ घालविणे, ही लक्षणे एकत्र दिसू लागली तर दुर्लक्ष करू नये. एकाच लक्षणावरून आरोपही करू नये.

बोलण्याची वेळ निवडावी. तो नशेत असताना बोलू नये आणि आपण संतापात असताना तर नक्कीच बोलू नये. अम्मी-अब्बांपैकी ज्यांच्याशी त्याचे अधिक जमते त्यांनी, किंवा मोठ्या भावाने अथवा मामाने, एकांतात विचारावे. 'तू आमची इज्जत घालविलीस' या वाक्याने संवाद तेथेच संपतो. 'तुला त्रास होतो आहे हे दिसते, आपण मिळून मार्ग काढू' या वाक्याने तो सुरू होऊ शकतो. मात्र पैसे हातात देणे, त्याचे कर्ज गुपचूप फेडणे, मालकाकडे त्याच्यासाठी खोटे बोलणे बंद करावे. त्याने नशाच पोसली जाते.

तिसरी गोष्ट प्राणाशी निगडित आहे. अनेक घरांत मुलाला खोलीत कोंडून सारे एकदम बंद केले जाते. दीर्घकाळ भरपूर दारू पिणाऱ्याची दारू किंवा नियमितपणे गुंगीच्या गोळ्या घेणाऱ्याच्या गोळ्या अशा रीतीने तोडल्यास फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि मृत्यूही ओढवू शकतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मात्रा उतरवीत करावयाचे असते. दुआ अवश्य करावी; परंतु गंडे-ताईत करणाऱ्यांच्या दारात महिने घालवू नयेत. अल्लाहने असा कोणताही रोग उतरविला नाही ज्याचा इलाज उतरविला नाही, असे प्रेषितांनी (स.) शिकविले आहे. इलाज शोधणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग हे पहिले ठिकाण होय. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. केंद्र निवडताना त्याची सरकारी नोंदणी आहे काय, तेथे डॉक्टर आहेत काय, हे विचारावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे. जेथे बांधतात किंवा मारतात तेथे मुलाला ठेवू नये. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की, १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम ६४-अ हे सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेल्या आणि मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने पूर्ण उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते.

उपचारानंतर काहीजण पुन्हा घसरतात. त्यामुळे सारे व्यर्थ गेले असे मानू नये. मधुमेहाचा रुग्ण पथ्य मोडतो तेव्हा आपण त्याला पुन्हा डॉक्टरांकडे नेतो. येथेही तेच करावे. आपल्या जीवांवर अत्याचार केलेल्या दासांनी अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नये, हे सूरह अज्‌जुमरचे (आयत ५३) आश्वासन आहे. ते त्या मुलासाठी आहे आणि थकलेल्या आईसाठीही आहे.

एका चुकीपासून मात्र कटाक्षाने दूर राहावे. 'लग्न केले की सुधारेल' असे म्हणून नशा लपवून निकाह लावले जातात. असे करणे म्हणजे दुसऱ्याच्या लेकीला फसवून संकटात ढकलणे होय. फसवणूक करणारा आमच्यापैकी नाही, ही प्रेषितांची (स.) ताकीद केवळ बाजारातील धान्यापुरती नाही. प्रथम उपचार पूर्ण व्हावेत, आणि स्थळ आले तर सत्य सांगितले जावे.

मोहल्ल्याची जबाबदारी

मद्याच्या संदर्भात प्रेषितांनी (स.) दहा जणांना शापित ठरविले, असे तिर्मिजीतील हदीसमध्ये आले आहे. त्यांत पिणारा एक आहे. उरलेले गाळणारा, गाळून घेणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेले जाते तो, पाजणारा, विकणारा, त्याची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी विकत घेतले जाते तो असे आहेत. आपण सारा राग पिणाऱ्यावर काढतो आणि इतरांना सलाम करतो, हे या हदीसशी कसे जुळेल? चिठ्ठीशिवाय गोळ्या देणारा औषधविक्रेता, शंभर रुपयांसाठी पुडी पोहोचविणारा मुलगा, अड्ड्याला खोली भाड्याने देणारा मालक, या सर्वांनी आपली कमाई तपासावी. लहान मुलाला मादक पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. वस्तीतील प्रतिष्ठितांनी अशा विक्रीची तक्रार एकट्याने न करता मिळून, लेखी स्वरूपात करावी.

मशिदीच्या विश्वस्तांनी व इमाम साहेबांनी वर्षातून काही खुत्बे या विषयाला द्यावेत. त्यांत निषेधाबरोबर उपचाराचा पत्ताही सांगावा. एखाद्या डॉक्टरला बोलावून पालकांची, विशेषतः मातांची, बैठक घ्यावी. जकात व सदका यांतून गरजू, पात्र कुटुंबाच्या उपचाराचा खर्च उचलता येईल काय, याविषयी आलिमांचा सल्ला घ्यावा. संध्याकाळी मुलांना खेळायला मैदान आणि वाचायला खोली मिळाली तर अड्ड्याची अर्धी गिऱ्हाइके कमी होतील. बरा होऊन परतलेल्या तरुणाला काम देणे हा तर मोठा सदका आहे.

आपल्यापैकी प्रत्येकजण पालक आहे आणि त्याला आपल्या कळपाविषयी विचारले जाईल, ही हदीस आपण नेहमी ऐकतो. कळपातील एक मेंढरू चुकले तर मेंढपाळ त्याला शिव्या देत बसत नाही, तो कंदील घेऊन शोधायला निघतो. सूरह अत्‌तहरीममध्ये (आयत ६) श्रद्धावंतांना स्वतःला आणि आपल्या कुटुंबियांना आगीपासून वाचविण्याची आज्ञा आहे. नशेची आग याच जगात लागते. ती लागलेले घर आपले असो की शेजाऱ्याचे, आज रात्री त्या मुलाशी दोन शब्द प्रेमाने बोलून आरंभ करू या.

अल्लाह आपल्या मुलाबाळांना प्रत्येक प्रकारच्या नशेपासून सुरक्षित ठेवो, जे तिच्यात सापडले आहेत त्यांना तौबा व आरोग्य प्रदान करो आणि आपल्याला त्यांच्याविरुद्ध सैतानाचे साथीदार होण्यापासून वाचवो. आमीन.